तिजोरीची पाठ

खटकेशेठचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, पण ती पाटी कुणी वाचत नसे. गल्लीत, बाजारात, अगदी बायकोच्या माहेरीसुद्धा ते खटकेशेठच. कुलपाच्या पोटात जी कळ टक्कन बसते तिला म्हणतात खटका. आणि माणसाच्या मनात जी शंका टक्कन बसते तिलाही म्हणतात खटकाच. शेठचा धंदा तिजोऱ्यांचा, त्यामुळे त्यांच्याकडे दोन्ही माल बारमाही असायचा.

दुकान बंद केलं की ते कुलूप ओढून बघत. मग कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत आणि पुन्हा ओढत. पहिल्या खेपेला कुलपाने नाटक केलं असेल तर? घरात दूध उतू गेलं की बाकीची माणसं गॅस बंद करायला धावतात. शेठ आधी विचारत, "कुणी घालवलं?" आरशातही ते जरा तिरकेच बघत. समोरच्याचा भरवसा काय द्यावा!

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीने लग्न केलं ते वेबसाईट बनवणाऱ्या मुलाशी. म्हणजे ज्याचा माल दिसत नाही, हत्यार दिसत नाही, आणि काम चाललंय की माणूस नुसता बसलाय तेही कळत नाही.

"पण हा दिवसभर करतो काय?" शेठनी बायकोला विचारलं होतं.

"कॉम्प्युटरवर काम करतो."

"ते हल्ली चोरही करतात."

शेठचा जावयावर इतका संशय होता, की ते त्याला कमालीच्या आदराने वागवत. 'जावईबापू' म्हटल्याशिवाय वाक्याला सुरुवात नाही. जावई पाणी प्यायला उठला तरी शेठ उठत आणि त्याच्या मागोमाग स्वयंपाकघरापर्यंत जात. जावयाला वाटायचं, केवढा हा मान!

लेकीला मात्र ते ठकी म्हणत. लहानपणी ती लाकडी बाहुलीसारखी गोल डोळे करून बघायची म्हणून ठकी. आता ती शाळेत गणित शिकवते, पोरं तिला चळाचळा कापतात, आणि ठकी म्हटलेलं तिला खपत नाही. तरी शेठ रोज फोन करून हळूच विचारत, "ठकी, जेवलीस का?" आणि तिकडून तेवढ्याच नेमाने आवाज येई, "बाबा!"

वेबसाईटचं खूळ आलं ते समोरच्या दुकानातून. तिथे शेठचा धाकटा भाऊ बसायचा. वाटण्या झाल्या तेव्हा तिजोऱ्या थोरल्याकडे आल्या आणि कुलपं धाकट्याकडे गेली. तेव्हापासून दोघांमध्ये रस्ताही होता आणि अबोलाही. धाकट्याने वेबसाईट काढली असं कळताच शेठनी जावयाला बोलावणं धाडलं.

दुकानाच्या वरच घर होतं. बैठकीच्या खोलीत जावई लॅपटॉप उघडून बसला. शेठ त्याच्या शेजारी न बसता मागे उभे राहिले. तिथून हात दिसतात.

"फोटो कुठे ठेवणार?" त्यांचा पहिलाच प्रश्न.

"सर्व्हरवर एक फोल्डर करू बाबा. त्यात."

"फोल्डर म्हणजे?"

"गोदामातलं फडताळ समजा. फोटो फडताळात राहतात. आणि कुठला फोटो कुठल्या फडताळात, एवढंच डेटाबेसमध्ये लिहून ठेवायचं."

"आणि हा डेटाबेस म्हणजे?"

जावयाने जन्मातली सगळ्यात मोठी चूक केली. तो म्हणाला, "ती तिजोरी समजा."

शेठनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे तिजोरी असताना माझ्या तिजोऱ्यांचे फोटो तुम्ही फडताळात ठेवणार? आणि तिजोरीत काय, तर फडताळाचा पत्ता? जावईबापू, लोक दागिने तिजोरीत ठेवतात आणि चिठ्ठी फडताळात. तुमचं उलटंच दिसतंय."

"बाबा, फोटो जड असतात. सगळेच डेटाबेसमध्ये कोंबले तर साईट हळू होईल."

"तिजोरी जडच असते. हलकी तिजोरी चोर उचलून नेतो."

"बरं, निदान फोटो जरा लहान तरी करू?"

"लहान म्हणजे? मधला किती काढून घेणार?"

आतून बायको म्हणाली, "अहो, त्यांना करू द्या की त्यांचं काम!"

"करू देतोय ना! मी फक्त बघतोय."

जावई स्वभावाने गरीब गाय. सासऱ्याशी वाद घालण्यापेक्षा साईट हळू झालेली परवडली, असा हिशोब करून त्याने सगळे फोटो डेटाबेसमध्ये जातील अशी सोय करून दिली. शेठनी स्वतः फोटो टाकावेत म्हणून एक पान बनवलं. त्या पानाला पासवर्ड.

"तो मी ठरवणार," शेठ म्हणाले. "आमच्या धंद्यात विकणाऱ्याने किल्ली ठेवायची नसते."

"अगदी बरोबर," जावई म्हणाला आणि आपण होऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

पण शेठचा स्वतःवर तरी कुठे विश्वास होता? मोठ्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोन माणसांकडे. एकाच्या डोक्यात आलं म्हणून उघडत नाही. त्यांनी बायकोला हाक मारली. अर्धा पासवर्ड त्यांनी टाकला, एका हाताने दुसरा हात झाकून. उरलेला अर्धा बायकोने टाकला, तसाच झाकून. नवऱ्याचं तिला माहीत नाही, तिचं नवऱ्याला माहीत नाही. शेठना इतकं समाधान लग्न झालं तेव्हाही वाटलं नव्हतं.

साईट सुरू झाली. सुरू झाली म्हणजे, उघडायला लागली. तिजोरीचा फोटो वरून खाली असा येई, जणू कुणी पडदा दोरीने ओढतंय आणि ओढणाऱ्याला डुलकी लागलीय. आधी तिजोरीचं डोकं दिसे. मग बराच वेळ नुसतं डोकंच. मग कपाळ. मुठीपर्यंत पोचेस्तोवर गिऱ्हाईक कंटाळून निघून जाई. समोर धाकट्याच्या साईटवर मात्र बोट लावलं की कुलपांचा ढीग हजर.

"दादाची तिजोरी फोटोतसुद्धा उघडत नाही," धाकटा रस्त्यापलीकडून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला. शेठना ऐकू जाईल इतक्या बेताने.

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जावई सांगत होता ते खरं निघालं. शेठच्या मनात वेगळाच खटका पडला. साईट हळू आहे की हळू केलीय? आणि त्याच आठवड्यात त्यांनी काउंटरवरून बघितलं, जावई समोरच्या दुकानात उभा राहून चहा पितोय. धाकटा त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसतोय.

रविवारी लेक-जावई नेहमीप्रमाणे जेवायला आले. शेठनी पहिला घास घेतला आणि वरणाकडे बघत म्हणाले, "समोरचा चहा गोड असतो म्हणे, जावईबापू."

"कुठला? हां, काकांचा! हाक मारली त्यांनी, नाही कसं म्हणणार?"

"नाही म्हणू नयेच. चहा पाजणारा उगाच पाजत नाही, एवढंच आपलं माझं म्हणणं. त्यांची साईट कशी पळते हो! आणि आमची बिचारी लंगडते. असो. पायगुण."

लेकीने चमचा खाली ठेवला. वर्गात खडू ठेवते तसा.

"बाबा, तुम्ही ह्याला चोर म्हणताय."

"छे छे! मी फक्त चहाबद्दल..."

"लग्न झाल्यापासून ऐकतेय. पाण्याला उठला की मागे जाता. पाकीट कुठे ठेवलंत म्हटलं की आधी ह्याच्या खिशाकडे बघता. तो बोलत नाही, पण मला दिसतं. आता नीट ऐका. आणखी एकदा, फक्त एकदा, असं काही तोंडातून निघालं, तर रविवारचं येणं बंद. फोनही करू नका."

"अगं, गंमत..."

"मी हसतेय का?"

ती हसत नव्हती. शेठनी बायकोकडे बघितलं. बायको ताटात बघत होती, म्हणजे ती लेकीच्या बाजूने होती.

शेठनी आयुष्यभर दारं बंद केली होती, पण ती सगळी स्वतःच्या हाताने. आपल्या तोंडावर कुणी दार बंद करेल, आणि तेही ठकी, हे त्यांच्या गणितातच नव्हतं. त्या रात्री त्यांनी दुकानाचं कुलूप ओढलं, कोपऱ्यापर्यंत गेले, आणि परत येऊन पुन्हा न ओढता तसेच वर घरी आले. बायकोने कपाळाला हात लावून ताप बघितला.

ह्यानंतर त्यांनी ठरवलं: जावई जे सांगेल ते ऐकायचं आणि उलट प्रश्न विचारायचा नाही. कारण त्यांनी प्रश्न विचारला की तो संशयासारखाच वाजायचा. 'किती वाजले?' असं विचारलं तरी समोरचा खुलासा द्यायला लागायचा.

आणि नेमका तेव्हाच जावयाचा फोन आला.

शेठ दुकानात होते. दाराशी मिस्त्री एका अडकलेल्या तिजोरीच्या बिजागरीवर ग्राइंडर चालवत होता. ठिणग्या उडत होत्या आणि कानाचे पडदे फाटत होते.

"बाबा, साईटवर तोच पहिला उपाय करू!" जावई तिकडून ओरडला. "डेटाबेसमध्ये पुढे फोटो नकोत! फक्त पाथ!"

"काय नको?"

"पुढे फोटो नकोत! पाथ! फक्त पाथ ठेवू!"

घर्रर्र. शेठनी एका कानात बोट घातलं आणि दुसऱ्या कानाने जे ऐकलं ते असं: पुढचे फोटो नकोत, फक्त पाठ.

का, असा प्रश्न त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला. तिथे त्याला ठकीचा चेहरा दिसला आणि तो मुकाट्याने घशात परत गेला.

"समजलं, समजलं!" शेठ म्हणाले. "करतो!"

"तुम्ही काही करू नका, रविवारी आलो की मीच..." घर्रर्र. फोन बंद.

ग्राइंडर थांबल्यावर शेठ शांतपणे विचार करायला बसले. पुढचे फोटो नकोत. फक्त पाठ. आणि हळूहळू त्यांच्या डोक्यात उजेड पडला. अरे! पुढून काढलेल्या फोटोत काय दिसतं? मूठ, चकती, कुलूप. म्हणजे घरबसल्या चोराला सगळा अभ्यास. आणि पाठ? पाठीवर काय, नुसता पत्रा! चोराने बघत बसावं आयुष्यभर. शेठच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना वाटलं, पोरगा आपल्यातला आहे. आपल्यासारखाच संशयी.

"मिस्त्री, पहार आणा. सगळ्या तिजोऱ्या फिरवायच्यात."

"फिरवायच्या? कुठे?"

"तोंड भिंतीकडे, पाठ इकडे."

मिस्त्रीने तिजोऱ्यांकडे बघितलं, मग शेठकडे. "शिक्षा केलीय का त्यांना?"

"फोटो काढायचेत."

"पाठीचे? शेठ, मुलगी बघायला येतात तेव्हासुद्धा आधी तोंड दाखवतात."

पण फिरवल्या. मिस्त्रीची कंबर धरली, फरशी दोन ठिकाणी उडाली, आणि संध्याकाळपर्यंत दुकानातल्या सगळ्या तिजोऱ्या रुसलेल्या सासवांसारख्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. शेठनी प्रत्येकीच्या पाठीचा फोटो काढला, डोक्यापासून तळापर्यंत, अगदी स्पष्ट. जुने फोटो काढून टाकून नवे चढवायला बायकोला वरून बोलावलं. तिने आपला अर्धा पासवर्ड हात झाकून टाकला आणि पडद्याकडे बघितलं.

"हे काय, पाठी कशाला?"

"तुझ्या जावयाने सांगितलंय."

"मग बरोबरच असेल," असं म्हणून ती वर गेली. भाजी करपत होती.

पुढचे दिवस शेठ हवेत होते. साईट तशीच कासव होती, पण त्याचं त्यांना काही वाटेना. धाकटा अबोला मोडून रस्त्यातूनच म्हणाला, "दादा, तिजोऱ्यांनी तुझ्याकडे पाठ फिरवली का रे?" तर शेठ नुसते हसले. अडाण्याला सुरक्षेतलं काय कळतंय!

रविवार उजाडला. लेक-जावई यायची वेळ झाली होती, स्वयंपाक होत आला होता, आणि फोन वाजला. डोळ्यांचे डॉक्टर. शेठचं जुनं गिऱ्हाईक.

"शेठ, तुमच्या साईटवर माझ्या तिजोरीचा आकडा कसा?"

"तुमच्या तिजोरीचा? अहो, ते दुकानातल्या मालाचे फोटो आहेत. आणि पाठीचे आहेत. पाठीवर काय असतं?"

"खाली पितळी पट्टी असते. तिच्यावर कंपनीने घातलेला आकडा असतो. चकती त्या आकड्यावर आणली की तिजोरी उघडते. तुम्हीच मला विकताना सांगितलं होतं, एका मॉडेलला एकच आकडा, घरी गेल्यावर लगेच बदलून घ्या."

शेठच्या पायातली चप्पल निसटली. "मग... बदललात ना?"

"राहून गेलं हो," डॉक्टर म्हणाले. "कुणीच बदलत नाही. माझ्या साडूकडेही तुमचीच तिजोरी आहे, त्यानेही नाही बदललेला."

शेठनी फोन खाली ठेवला. तिजोरी भिंतीला पाठ लावून उभी असते, म्हणून ती पट्टी आजवर कुणाला दिसली नव्हती; फोटो काढताना शेठनीही ती पत्र्याचाच भाग समजून सोडून दिली होती. गावातल्या निम्म्या भिंतींनी जे गुपित पाठीशी घातलं होतं, ते त्यांनी मिस्त्रीची कंबर मोडून, चांगल्या उजेडात, जगाला दाखवलं होतं. 'माझी तिजोरी परक्या हाताने उघडत नाही' असं ते उभ्या हयातीत सांगत आले होते. आता परक्याला हात लावायचीही गरज नव्हती. वाचता आलं की पुरे.

आणि मग खटका पडला. टक्कन.

पाठ ठेवायला सांगितलं कुणी?

चहा कुणाबरोबर प्यायला?

सगळे दुवे कसे एकात एक बसले. असे बसले, की चांगलं कुलूपही इतकं छान बसत नाही. तेवढ्यात जिना वाजला आणि लेक-जावई आत आले. जावयाच्या हातात फळांची पिशवी होती, चेहऱ्यावर हसू होतं. हसूसुद्धा आता शेठना पुरावाच वाटला.

त्यांनी ओठ आवळले. खरंच आवळले. पण काही तिजोऱ्या अशा असतात, की आतून दाब आला की कुलूप काही करू शकत नाही.

"जावईबापू," शेठ म्हणाले, "काकांनी किती चहा पाजले हो?"

"बाबा!" लेक ओरडली.

"विचारू दे मला! पाठ ठेवा म्हणून ह्यांनीच सांगितलं! पाठीवर आकडे असतात हे ह्यांना ठाऊक होतं! सगळं गाव उघडं पाडलं माझ्या हातून, आणि आता फळं घेऊन आलेत!"

स्वयंपाकघरातून बायको हातात झारा घेऊन बाहेर आली. लेकीने जावयाच्या हातातली पिशवी घेतली, टेबलावर ठेवली आणि दाराच्या कडीला हात घातला.

"चल," ती नवऱ्याला म्हणाली. "झालं आपलं इथलं."

"एक मिनिट," जावई म्हणाला. त्याच्या कपाळावर आठी होती. "पाठ? कुठली पाठ?"

"आता नाकबूल व्हा! फोनवर म्हणालात ना, पुढचे फोटो नकोत, फक्त पाठ?"

जावयाचं तोंड हळूहळू उघडलं. "बाबा... पाथ. थ, थ. पाथ! म्हणजे रस्ता. फोटो फोल्डरमध्ये कुठे आहे, तिथवर जायचा रस्ता. फडताळाचा पत्ता! तेवढाच डेटाबेसमध्ये ठेवू म्हणालो होतो. आणि 'पुढे' म्हणजे पुढचे नव्हे हो, इथून पुढे! तिजोरीच्या पाठीशी माझा काय संबंध?"

शेठनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे ग्राइंडरच्या ठिणग्या उडाल्या. पाथ. पाठ. थ आणि ठ ह्यांच्यामधून एक आख्खी मिस्त्रीची कंबर गेली होती.

"काय आहे त्या पाठींवर?" जावयाने विचारलं. शेठनी सांगितलं. आवाज इतका बारीक झाला होता, की दोनदा सांगावं लागलं. जावई हसेल असं सगळ्यांना वाटलं. तो हसला नाही. त्याने लॅपटॉप काढला. "आधी ते फोटो खाली उतरवू. पासवर्ड?"

शेठनी लगबगीने पुढे होऊन आपला अर्धा टाकला, हात झाकून. "अगं, तुझा टाक. लवकर!"

बायको जागची हलली नाही. झारा तेवढा हलला.

"मी नाही टाकणार. आधी तुम्ही बोला."

"काय बोलू?"

"ह्या घरात आजवर तुमच्या तोंडून कुणी ऐकलं नाही ते."

"अगं, तिकडे गाव लुटलं जाईल!"

"इकडे माझं लुटलं जातंय," बायको म्हणाली आणि कडीवरच्या लेकीच्या हाताकडे बोट दाखवलं. "गाव आपलं बघून घेईल."

शेठनी तोंड उघडलं. शब्द होता, आत कुठेतरी नक्की होता. पण न वापरलेल्या कुलपासारखा गंजला होता. "चु..." एवढं बाहेर आलं आणि अडकलं. त्यांनी खाकरून परत जोर लावला. "चुक..."

"उघडलं," जावई म्हणाला.

"काय?"

"पान. उघडलं. फोटो काढतोय." तो मान खाली घालून भराभर बोटं चालवत होता. "हं. गेले सगळे."

शेठनी पडद्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. बायको तर स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती.

"उरलेला अर्धा तुम्हाला कुणी सांगितला?"

जावई लाजला. "कुणी नाही. अंदाज केला. ठकी."

"ठकी तर माझा अर्धा!" शेठच्या तोंडून निघून गेलं.

"आणि माझा नाही का?" बायको म्हणाली. "मी काय टाकणार? तुमचं नाव ठेवू? तुम्हाला नावं तर रोज ठेवतेच."

म्हणजे जगातला सगळ्यात पक्का, दोन किल्ल्यांचा, दोन माणसांचा पासवर्ड होता ठकीठकी. कडीपाशी उभी असलेली गणिताची बाई एकदम लाल झाली. "आई! तू पण?"

शेठ मात्र दुसरीकडेच पोचले होते. "जावईबापू. हा अंदाज तुम्हाला आज आला?"

"नाही. पहिल्याच दिवशी. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो ना, दोघांची टकटक सारखीच ऐकू आली. म्हटलं, ह्या दोघांना सारखं सुचेल असं दुसरं काय आहे?"

"म्हणजे इतके दिवस किल्ली तुमच्याकडे होती."

"होती म्हणायची."

"मग उघडून बघितलं कधी?"

"नाही."

"कशावरून?"

हे निघालं ते सवयीने. निघाल्यावर त्यांना कडीचा आवाज ऐकू आला. अर्धी सरकली होती.

जावयाने लॅपटॉपवरची बोटं उचलली. मग म्हणाला, "कशावरूनही नाही, बाबा. पुरावा काही नाही. मी म्हणतोय, एवढंच."

शेठ उभे होते. ओढून बघायला समोर कुलूप नव्हतं. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचं, तर कडीला ठकीचा हात होता. हा माणूस वाटेल तेव्हा आत शिरू शकत होता आणि शिरला नव्हता. किंवा शिरला होता. जन्मभर ओढून बघितल्यावर आता त्यांच्यापुढे अशी एक वस्तू आली होती, जी ओढून बघता येत नव्हती. घ्यायची तर तशीच घ्यायची, नाहीतर ठेवून द्यायची.

"ठकी," शेठ म्हणाले, "ती कडी लाव."

तिने वळून बघितलं.

"आतून," शेठ म्हणाले. "जेवण गार होतंय. आणि ते मघाचं... ते चुकलं माझं." शब्द करकरत आला, पण आला. बायकोने झारा खाली केला.

जेवायच्या आधी शेठनी एकेका गिऱ्हाइकाला फोन करून आकडा बदलायला लावला. एक जण म्हणाला, तिजोरी उघडीच असते, त्यात आम्ही रद्दी ठेवतो. दुसरा म्हणाला, तिच्यावर टीव्ही ठेवलाय, हलवता येत नाही. चोर कुणाकडेच आला नव्हता. साईटवर ती पट्टी मुळात बघितली होती ती एकट्या डॉक्टरांनी.

"असं कसं?" लेक म्हणाली. "एवढे दिवस फोटो वर होते."

जावयाने कपाळावर हात मारला. "पट्टी अगदी तळाशी आहे! तळापर्यंत फोटो यायची वाट बघितली कुणी? डॉक्टर म्हणे पान उघडून आंघोळीला गेले होते."

शेठ ताठ झाले. डोळ्यांत जुनी चमक आली. "बघा! म्हणून मी सांगत होतो, फोटो तिजोरीतच हवेत! तुमच्या फडताळात असते तर क्षणात सगळं गाव उघडं पडलं असतं!"

जावयाने आपल्या बायकोकडे बघितलं. गणिताच्या बाईने डोळ्यांनीच सांगितलं, हे उत्तर चूक आहे, पण आज मार्क देऊन टाक.

शेवटी ठरलं ते असं: तिजोऱ्यांचे फोटो पुढून काढायचे, चकतीवर फडकं टाकून. ते राहणार फोल्डरमध्ये. डेटाबेसमध्ये फक्त पाथ. शेठनी तो शब्द तीनदा घोकला, थ वर जीभ दातांना टेकवून. मिस्त्रीला तिजोऱ्या परत फिरवायला सांगायचं काम मात्र कुणीच अंगावर घेईना.

राहिला पासवर्ड. जुना आता सगळ्या घराला ठाऊक झाला होता. शेठ लॅपटॉपपुढे बसले. जावई सवयीने उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

शेठनी त्या पाठीकडे बघितलं. शर्ट खांद्यावर उसवला होता. तिजोरीच्या पाठीवर सगळं लिहिलेलं असतं, ह्या पाठीवर वाचण्यासारखं काहीच नव्हतं.

"अहो, पाठ कसली दाखवताय?" ते खेकसले. "इकडे या. बघा मी काय टाकतोय ते. आणि पाठ करा."

जावई आला, बघितलं, आणि त्याला हसू फुटलं. लेकीने वाकून बघितलं आणि किंचाळली, "बाबा, पुन्हा तेच?"

"पुन्हा कसलं? ह्यावेळी तीनदा आहे," शेठ म्हणाले आणि जावयाकडे वळले. "हं, म्हणून दाखवा बघू."

जावयाने म्हणून दाखवलं. शेठनी परत म्हणायला लावलं. आणखी एकदा म्हणा, असं ते म्हणणार होते, पण तेवढ्यात बायकोने त्यांच्यासमोर ताट ठेवलं. शेठ जेवायला बसले. मधे जावई पाणी प्यायला उठला, तर ते अर्धवट उठले, लेकीकडे बघितलं, आणि मीठ घ्यायलाच उठल्यासारखं करून परत बसले.